मदत हवी आहे: सातवीची मुलं वर्गात कशी टिकवायची?
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत सातवीला शिकवते. पटावर ३१ मुलं, सोमवारी समोर जेमतेम २०. परवा एका मुलीच्या घरी गेले, तर धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती भात ढवळत होती. आई पहाटेच धुण्याभांड्याला गेलेली. तिला काय रागवणार? शाहू महाराजांनी १९१७ सालीच इथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण नुसत्या सक्तीनं मूल टिकत नाही, असं मला वाटतं. पालकांना फोन झाले, शाळा व्यवस्थापन समितीतही विषय मांडला. अशा मुलींसाठी कुणी शाळेजवळच्या अंगणवाडीशी वेळ जुळवून पाहिलीय का? आणि हजेरी झाल्यावर लगेच घरी कुणी जावं, शिक्षकांनी की समितीतल्या पालकांनी? तुमच्याकडं काय लागू पडलं ते सांगा, सोमवारपासून करून बघते.