मदत हवी आहे: जोन्स (आतड्याचा जुनाट जिवाणूजन्य आजार) झालेल्या गायींच्या रोगप्रतिकारक पेशी खरंच थकल्यात, की माझंच काही चुकतंय?

होल्स्टीन संकरित गायी, सगळ्या जोन्सच्या एलायझात (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचणीत) पॉझिटिव्ह. हेपरिनमधलं रक्त 4 तासांच्या आत 1.077 घनतेच्या फायकॉलवर (पांढऱ्या पेशी वेगळ्या करणारा द्रव), दर वेलला 2 लाख पेशी, जोनिन पीपीडी (जोन्सच्या जिवाणूची प्रथिनं) 10 मायक्रोग्रॅम प्रति मिली, 37 अंशांवर 48 तास. लक्षणं नसलेल्या गायींत गॅमा इंटरफेरॉन (पेशींनी जिवाणू ओळखल्याची खूण) झकास चढतो. पण जुलाबाने बरगड्या निघालेल्या तीन गायींत वेल पाण्यासारखी, रंगच येत नाही.

कॉनकॅनाव्हॅलिन-एला (कुठल्याही टी पेशींना चेतवणारा पदार्थ) याच पेशी उत्तर देतात, ट्रिपॅन ब्लू या रंगाच्या चाचणीत 95 टक्के जिवंत आहेत. पीपीडीचा लॉट बदलला, 72 तास ठेवलं, 'होल ब्लड (पेशी वेगळ्या न करता अख्खं रक्त) करून बघ' म्हणणाऱ्यांसाठी तेही केलं. फरक शून्य. रोग पुढे गेला की टीएच-1 प्रतिसाद (गॅमा इंटरफेरॉन बनवणाऱ्या टी पेशींचा) ढासळतो, आयएल-10 हे प्रतिसाद दाबणारं प्रथिन वाढतं, हे पुस्तकी उत्तर ठाऊक आहे. मला ते याच पेशींत दाखवायचंय.

पेशी एकेक करून तपासणारं फ्लो सायटोमीटर यंत्र नाही, फक्त एलायझा रीडर. गायीमागे 40 मिलीच रक्त, म्हणजे एकच प्रयोग नीट होईल. मग आधी आयएल-10 अडवू की पीडी-एल1 (टी पेशींना ब्रेक लावणारं पेशीवरचं प्रथिन)? आणि गायीच्या पेशींवर स्वतः वापरून चाललेला अडवणारा क्लोन (अँटिबॉडीचा ठरावीक प्रकार) कोणता, किती मायक्रोग्रॅमला, पीपीडीच्या आधी किती वेळ घालायचा?