मदत हवी आहे: न्यायालये आणि अपिले यांविषयीची इंग्रजी शब्दावली कशी शिकावी?

नमस्कार.

इंग्रजीतील न्यायनिर्णय मुळातून वाचता यावेत, यासाठी मी सध्या कायद्याच्या इंग्रजीचा अभ्यास करीत आहे. माझे इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे आणि खटला कसा चालतो याची ढोबळ कल्पनाही आहे. तरीही अपिलाच्या निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचून झाल्यावर नेमके कोण जिंकले, हे मला खात्रीने सांगता येत नाही. अडचण जड शब्दांची नाही. 'सर्शिओरेराय'सारखा लॅटिन शब्द समोर आला की आपण आपसूक सावध होतो, कोश उघडतो आणि अर्थ टिपून ठेवतो. घोटाळा करतात ते रोजच्या वापरातले साधे शब्द, कारण ते आपल्याला येतात असे आपण धरून चालतो. 'लीव्ह' म्हणजे येथे रजा नव्हे, परवानगी. 'स्टे' म्हणजे मुक्काम नव्हे, स्थगिती. आणि 'ॲन अपील लाइज' या वाक्यात कोणी खोटे बोलत नाही, अमुक न्यायालयाकडे अपील करता येते एवढेच त्यात सांगितलेले असते.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, 'अलाउ', 'डिसमिस', 'अफर्म', 'रिव्हर्स', 'सेट असाइड', 'क्वॉश', 'रिमांड' ही जी क्रियापदे निकालाच्या शेवटी दाटीवाटीने येतात, ती एकमेकांत न मिसळता लक्षात कशी ठेवावीत? वर्णानुक्रमे लावलेल्या याद्या भरपूर मिळतात, पण त्यांत प्रत्येक शब्द सुटा पडलेला असतो आणि प्रत्यक्ष वाक्य समोर आले की यादी उपयोगी पडत नाही. दुसरा प्रश्न असा की, इंग्लंड आणि अमेरिका यांच्या शब्दांत बराच फरक दिसतो. तेव्हा दोन्ही बरोबरीने शिकावेत की आधी एकच देश धरावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. क्रियापद पाठ करण्याआधी त्याचे कर्म कोणते, ते पाहण्याची सवय लावावी. अपिलाच्या निकालात दोन वस्तू असतात: एक म्हणजे वरच्या न्यायालयापुढे आलेले अपील आणि दुसरी म्हणजे खालच्या न्यायालयाने दिलेला निर्णय. 'अलाउ' आणि 'डिसमिस' ही क्रियापदे अपिलाला लागतात. 'अफर्म' आणि 'अपहोल्ड' (कायम ठेवणे), 'रिव्हर्स' (उलटवणे), 'सेट असाइड' आणि 'क्वॉश' (रद्द करणे) ही खालच्या निर्णयाला लागतात. त्यामुळे अपील 'डिसमिस' झाले, म्हणजे फेटाळले गेले, की खालचा निर्णय कायम राहतो आणि अपीलकर्ता हरतो. अपील 'अलाउ' झाले, म्हणजे मंजूर झाले, की खालचा निर्णय रद्द होतो किंवा त्यात बदल होतो. या दोन ओळी पक्क्या झाल्या की शेवटच्या परिच्छेदाची भीती उरत नाही.

मधला एक मार्गही असतो. वरचे न्यायालय स्वतः अंतिम निर्णय न देता प्रकरण पुन्हा विचारासाठी खाली पाठवते. यालाच अमेरिकेत 'रिमांड' म्हणतात, तर इंग्लंडमध्ये त्यासाठी प्रायः 'रेमिट' वापरतात. इंग्लंडमध्ये 'रिमांड' हा शब्द मुख्यतः आरोपीला सुनावणीपर्यंत कोठडीत किंवा जामिनावर ठेवण्यासाठी असल्यामुळे, निकाल कोणत्या देशाचा आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये.

'रिव्हर्स' आणि 'ओव्हररूल' यांतील फरकही सुरुवातीलाच समजून घ्यावा. 'रिव्हर्स' होतो तो त्याच प्रकरणातील खालचा निकाल. 'ओव्हररूल' होतो तो दुसऱ्याच प्रकरणातला जुना पूर्वनिर्णय. पहिल्याने पक्षकारांचे भवितव्य बदलते, दुसऱ्याने पुढच्या सगळ्यांसाठी कायदा बदलतो. साक्ष चालू असताना वकिलाची हरकत फेटाळली गेली तरी 'ओव्हररूल्ड' असेच म्हणतात, पण तो वापर निराळा. चित्रपट पाहणाऱ्यांना बहुधा तेवढाच ठाऊक असतो.

दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत स्पष्ट आहे: आधी एकच देश धरावा. इंग्लंडमध्ये 1999 साली नवे दिवाणी प्रक्रिया नियम लागू झाले, तेव्हा फिर्याद आणणाऱ्या पक्षकाराचे 'प्लेंटिफ' हे नाव जाऊन 'क्लेमंट' आले आणि दिवाणी अपिलांत 'लीव्ह'च्या जागी 'पर्मिशन' आले, मात्र फौजदारी अपिलांत 'लीव्ह' टिकून राहिले. अमेरिकेत 'प्लेंटिफ' अजूनही आहेच. तेथे अपील न्यायालयात समोरच्या पक्षाला 'अपेली' म्हणतात, तर इंग्लंडमध्ये तोच 'रिस्पॉन्डंट' असतो. न्यायालयांच्या नावांवरही विसंबून चालत नाही: न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे खटले चालवणारे न्यायालय आहे आणि सर्वांत वरच्या न्यायालयाचे नाव 'कोर्ट ऑफ अपील्स' आहे. हे सगळे एकदम डोक्यात घेतले तर गोंधळ अटळ आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. एक पुरवणी जोडते. आपण 'सर्शिओरेराय'चा उल्लेख ओझरता केला आहे, पण अमेरिकी निकाल वाचायचे असतील तर तो शब्द नीट समजून घ्यावा लागेल. तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकावे यासाठी केलेला 'सर्शिओरेराय'चा अर्ज 'डिनाइड' झाला, म्हणजे नाकारला गेला, याचा अर्थ खालचा निर्णय बरोबर ठरला असा होत नाही. न्यायालयाने ते प्रकरण हाती घेतले नाही, इतकाच होतो. तो अर्ज मंजूर होण्यासाठी नऊपैकी चार न्यायमूर्तींची संमती लागते. वृत्तपत्रेसुद्धा या ठिकाणी वारंवार घसरतात.

इंग्लंडच्या निकालांत न्यायाधीशाच्या आडनावापुढे 'जे' हे एकटे अक्षर दिसते. ते नावाचे आद्याक्षर नसून 'जस्टिस'चे संक्षिप्त रूप आहे. 'एल जे' म्हणजे 'लॉर्ड जस्टिस' किंवा 'लेडी जस्टिस'.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कर्म पाहून क्रियापद लावण्याची युक्ती मी लगेच वापरून पाहिली आणि 'द अपील इज डिसमिस्ड अँड द जजमेंट बिलो इज अफर्म्ड' हे वाक्य प्रथमच सरळ वाचता आले. दोन्ही अर्धी एकाच निकालाच्या दोन बाजू आहेत, हे आता दिसते. सुरुवात इंग्लंडपासून करावी असे ठरवले आहे. संपूर्ण निकाल हाती घेण्याआधी सरावासाठी काय वाचावे?

प्रतिसाद १

युनायटेड किंग्डमचे सर्वोच्च न्यायालय आपल्या निकालांबरोबर 'प्रेस समरी' नावाचा छोटा सारांश प्रसिद्ध करते. त्यात पार्श्वभूमी, निर्णय आणि कारणे वेगवेगळ्या मथळ्यांखाली दिलेली असतात. आधी तो वाचावा, मग मूळ निकालातील तेवढेच परिच्छेद शोधावेत आणि प्रत्येक क्रियापद त्याच्या कर्मासह वहीत उतरवावे. पुढे अमेरिकेकडे वळाल तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या आरंभी 'सिलॅबस' दिसेल. तोही सारांशच असतो, परंतु तो न्यायालयाच्या मताचा भाग मानला जात नाही, म्हणून उद्धृत करताना त्यातील वाक्ये घेऊ नयेत.