मदत हवी आहे: मुलीच्या पाठीला ८२ अंशांचा बाक. थेट ऑपरेशन की आधी हेलो ट्रॅक्शन?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. माझी मुलगी साडेचौदा वर्षांची आहे, तिला स्कोलिओसिस आहे, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलाय. दोन सर्जनांनी दोन वेगळे मार्ग सांगितलेत आणि पंधरा दिवसांत आम्हाला ठरवायचंय. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी कृपया लिहा. इथे नको वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तीन वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाई तिला तेल लावत होत्या. उजव्या खांद्यामागे त्यांचा हात थांबला. "हिची पाठ इथे वर आलीये गं, बघ जरा." पुढे वाकायला सांगितलं तर उजवी बाजू डावीपेक्षा चांगली दोन बोटं उंच. दार लावून आंघोळ करणाऱ्या मुलीची पाठ आईला तरी एरवी कधी दिसते? ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, दप्तराचं ओझं आहे, ताठ बसायची सवय लावा. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, एक्स-रे काढला नाही. पुढच्या दीड वर्षात ती ताडमाड वाढली, पाळी सुरू झाली. बाक सगळ्यात झपाट्याने वाढतो तो याच काळात, हे मला फार उशिरा कळलं. २५ ते ४० अंशांत असताना आणि हाडं वाढती असताना ब्रेस, म्हणजे पाठीचा कडक पट्टा, लावतात. आमचा पहिला एक्स-रे झाला तेव्हाच ५८ अंश होते.

ऑपरेशन तेव्हाच सांगितलं होतं. पण "मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो" असं दीर म्हणाले आणि सगळं घर घाबरलं, मीसुद्धा. मग तेल, मालिश, बारला लटकणं. आता ८२. बाजूला वाकवून काढलेल्या एक्स-रेतही ७० च्या खाली येत नाही, म्हणजे बाक ताठ झालाय. फुफ्फुसाच्या तपासणीत क्षमता अपेक्षेच्या ५४ टक्के आली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. हल्ली ती पहिल्या मजल्यावर शेजारच्यांच्या चपलांच्या स्टँडपाशी थांबते आणि मोबाईल बघितल्यासारखं करते. धाप लागलीये हे मला कळू नये म्हणून.

पहिले सर्जन म्हणतात, एकाच वेळी मागून ऑपरेशन करू. मणक्यांत स्क्रू, दोन्ही बाजूंना रॉड, आणि ताठ भागातलं थोडं हाड कापून कणा सैल करायचा. दुसरे, परगावचे, म्हणतात की आधी चार ते सहा आठवडे डोक्याला कडं बसवून हेलो ट्रॅक्शन द्यायचं. रोज थोडं वजन वाढवत कणा हळूहळू ताणायचा, तोवर श्वासाचे व्यायाम करून घ्यायचे, मग रॉड. नेहमीच्या ५०-६० अंशांच्या बाकात मज्जारज्जूला इजा होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी, हे दोघांनी सांगितलं. आमच्यासारख्या मोठ्या आणि ताठ बाकात ती वाढते, हेही दोघांना मान्य. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, स्क्रू चुकीच्या जागी बसणं, हाड नीट न जुळून पुढे कधीतरी रॉड तुटणं, हे सगळं संमतिपत्रात आहे.

न करण्यातही धोका आहे, हे मी स्वीकारलंय. ५० च्या पुढचा बाक वाढ थांबल्यावरही दर वर्षी साधारण एक अंशाने वाढत राहतो म्हणतात, आणि हिची फुफ्फुसं आत्ताच दबलीत. त्यामुळे "करू नका" असा सल्ला कृपया देऊ नका. मला विचारायचंय ते हे, की कडं लावून तुमची मुलं ते आठवडे कशी राहिली? सर्जनला "असे किती बाक तुम्ही स्वतः केलेत, त्यात किती जणांना त्रास झाला" असं तोंडावर विचारलं तर चालतं का? आणि सही करण्याआधी आणखी काय विचारू? मुलीने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, पायाच्या बोटांना नेलपॉलिश लावता येईल ना? ते म्हणाले, येईल, कमरेचे खालचे मणके आम्ही मोकळे ठेवणार आहोत.

प्रतिसाद १
ताई, आम्ही वडोदऱ्याचे. मुलाला पाच आठवडे हेलो होतं. पहिले तीन दिवस फार वाईट गेले, कडं डोक्याला धरून ठेवणाऱ्या पिना दुखत होत्या. नंतर मात्र तो वजन टांगलेल्या चाकाच्या वॉकरने वॉर्डभर फिरायचा, खुर्चीत बसून कॅरम खेळायचा. पिनांच्या जागा रोज साफ कराव्या लागतात. नर्स रोज डोळे फिरवायला लावायची, हातापायांची ताकद बघायची. काही बदल दिसला की लगेच वजन कमी. हेच मला धीर देणारं वाटलं, मूल जागं असतं आणि काय होतंय ते स्वतः सांगतं.

प्रतिसाद २
मी भूलतज्ज्ञ आहे. आकडे तोंडावर विचारा, चांगल्या सर्जनला राग येत नाही. ऑपरेशनभर मज्जारज्जूचे संदेश मशीनवर बघणारा माणूस असेल ना, आणि संदेश क्षीण झाले तर काय करणार, हे विचारा. रक्तदाब वाढवणं, दिलेला ताण सोडणं, गरज पडली तर रुग्णाला अर्धवट जागं करून पाय हलवायला लावणं, प्रसंगी तिथेच थांबून पुन्हा दुसऱ्या दिवशी करणं, असं उत्तर यायला हवं. ऑपरेशननंतर आयसीयू कोणतं, तेही बघा. ५४ टक्के क्षमता असताना ते महत्त्वाचं आहे. आणि मेंदूच्या तळापासून माकडहाडापर्यंत पूर्ण कण्याचा एमआरआय झालाय का? मज्जारज्जूत पाण्याची पोकळी असेल किंवा तो खाली अडकलेला असेल, तर आधी त्याचा विचार करावा लागतो. ट्रॅक्शनच्याही आधी.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. वडोदऱ्याच्या ताई, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. तिने कॅरमवाली ओळ पुन्हा वाचायला लावली.

डॉक्टर, तुमचं वाचून फाईल काढली. आमचा एमआरआय गेल्या वर्षीचा आहे आणि तो फक्त कमरेचा आहे. दुसऱ्या सर्जनांनी चिठ्ठीवर "पूर्ण कणा" लिहून दिलं होतं, पण मला वाटलं झालाय तोच चालेल, परत खर्च कशाला. सोमवारी सकाळची वेळ मिळालीये. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.