महागडं क्विल्टिंग मशीन घेतलेले लोक नाराज होतात ते नक्की कशावरून?

मृण्मयी_पुणे

गोधड्या आणि पॅचवर्कच्या रजया शिवायला आता मोठं मशीन घ्यायचंय. बजेट तीन लाखांच्या आसपास, फार तर थोडं वर. माप बहुतेक ६० × ९० इंच, कधीमधी ९० × १००. निम्म्या गोधड्या जुन्या सुती साड्यांच्या, पाच-सहा थरांच्या. बाकीच्या नव्या कापडाच्या, आत सुती बॅटिंग (मधला भराव). सध्याचं मशीन साधं झिगझॅगवालं, सुईच्या उजवीकडे जेमतेम साडेसहा इंच जागा.

यादीत तीन आहेत: जुकी टीएल-२०१०क्यू, जानोमे मेमरी क्राफ्ट ६७००पी आणि बर्निना ७७० क्यूई. रिव्ह्यू वाचायला घेतले तर एकाच मशीनला एक जण डोक्यावर घेतो आणि दुसरा पैसे पाण्यात गेले म्हणतो. जे वापरतात किंवा दुरुस्त करतात त्यांनी सांगा, घोडं नेमकं कुठे पेंड खातं? आणि अमेरिकेहून येणाऱ्या कुणाबरोबर आणवलं तर चालेल का?

---

टीपकागद

बहुतेक नाराजी चुकीच्या गोष्टीला पैसे मोजल्याची असते. वरच्या किमतीत पैसा जातो तो एम्ब्रॉयडरी युनिट, शेकडो नक्षीचे टाके आणि टचस्क्रीन यांत. गोधडीला त्यातलं काय लागतं? मोकळी जागा, सगळे थर सारखे पुढे नेणारी फीड आणि नाकासमोर चालणारी सरळ टीप. बर्निनाला एम्ब्रॉयडरी युनिट वेगळं जोडता येतं. दुकानदार ते गळ्यात मारायला बघेल, तेवढं टाळा.

जागेचं गणित असं: ९० इंची रजईच्या मधोमध टीप मारताना ४५ इंच कापड मशीनच्या हाताखाली, म्हणजे सुईच्या उजवीकडच्या जागेत असतं. जुकीच्या साधारण साडेआठ इंचात ते बसतं, पण वळणं घ्यायला हात अडखळतो. ६७००पी आणि ७७० दोन्हींत १० इंच आहेत, तिथे बरीच मोकळीक. मात्र रजईची नळकांडी गुंडाळी करू नका. ती ताठ होते आणि दर वळणाला आडवी येते. कापड चुरगाळून आत सारायचं, आणि कापड दाबणाऱ्या पायाभोवती तळहाताएवढा भाग तेवढा सपाट ठेवायचा.

मशीनवर खर्च करताना टेबलासाठी पैसे बाजूला ठेवा. मशीन टेबलात खाली बसवून त्याचा पाट आणि टेबल एका पातळीत आणायचे. डावीकडे आणि मागे रजई टेकायला जागा हवी. ती कडेवरून लोंबायला लागली की तिचंच वजन सुईला ओढतं, टाके लहानमोठे होतात आणि लोक शिव्या घालतात फीडला. सव्वातीन लाखांचं मशीन डायनिंग टेबलावर ठेवलं तर हेच होणार.

पॅचवर्क करता म्हणून आणखी एक. १/४ इंची पाय घेतलात तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नका. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर १ इंच भरली पाहिजे. एका टिपेत अर्धं सूत (सूत म्हणजे १/८ इंच) जादा गेलं तर दोन्ही कापडांचं मिळून एक सूत जातं, म्हणजे दहा टिपांच्या ओळीत सव्वा इंच गायब. कमी भरली तर सुईची जागा स्क्रीनवरून एक-दोन घरं उजवीकडे सरकवून पुन्हा तीच चाचणी. जुकीत सुई सरकत नाही, तिथे पाटावर गाइड लावून जमवायचं.

७७० आणि ६७००पी दोन्ही ९ मिमी रुंद टाके मारतात, त्यामुळे सुईखालच्या नेहमीच्या प्लेटचं भोक लांबट. पातळ कापडाचं टोक सुरुवातीला त्यात ओढलं जातं आणि नवा मालक घाबरून सर्व्हिसला फोन करतो. सरळ टिपेची एका भोकाची प्लेट लावा, शिवाय आधी एखाद्या चिंधीवर दोन-चार टाके मारून तिथूनच कापडावर जा. फक्त ती प्लेट लावलेली असताना झिगझॅग निवडला जाणार नाही एवढं बघा. काही मशीन प्लेट ओळखतात, काहींना सेटिंगमध्ये सांगावं लागतं. नाहीतर सुई थेट पोलादावर.

---

तेलाची_कुपी

टीपकागद यांच्याशी सहमत. आता दुरुस्तीच्या टेबलावर काय येतं ते सांगतो.

पहिला नंबर: "खाली दोऱ्याचं जाळं होतंय, बॉबिनचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) बिघडलंय." बॉबिन बिचारं ठीक असतं. वरचा दोरा ओवताना पाय खाली होता. पाय खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये न जाता वरूनच सरकतो आणि सगळा ढिला दोरा खाली जमतो. पाय वर करा, सुईसकट पुन्हा ओवा, मग पाय खाली घेऊन दोरा ओढून बघा. जोर लागला पाहिजे. बॉबिन केसच्या स्क्रूला त्याआधी हात लावायचा नाही.

दुसरं, जानोमेसारखं वरून बॉबिन टाकायचं मशीन. त्यातला बॉबिन होल्डर प्लास्टिकचा. सुई एकदा त्यावर आपटली की बारीक ओरखडा पडतो आणि दर तीन-चार टाक्यांनी दोरा तिथे अडकून तटकन तुटतो. लोक सुया आणि दोरे बदलून थकतात. होल्डर बाहेर काढा, कडेवरून नख फिरवा, खाच लागलीच तर नवा होल्डर टाका. स्वस्त भाग आहे, मशीनबरोबरच एक जादाचा घेऊन ठेवावा. त्या होल्डरला तेल लावायचं नसतं.

तेलाचं प्रत्येक मशीनचं वेगळं. जुकीला अंगावर तेलाची भोकं आहेत, रोज चार-पाच तास चालत असेल तर रोज एकेक थेंब, शटललाही (बॉबिनभोवती फिरणारा भाग). बर्निनाच्या शटलला मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी एक थेंब, आवाज खरखरीत झाला की. तेल म्हणजे पांढरं शिलाई मशीनचं तेल. खोबरेल घातलेली मशिनं अजून येतात, थंडीत आतून थिजून चाक फिरत नसतं.

जुन्या साड्यांचं तूस फार निघतं. ते कापड पुढे ओढणाऱ्या दात्यांच्या फटींत दाबलं जाऊन नमद्यासारखं घट्ट बसतं, दाते पुरते वर येत नाहीत आणि टाका आपोआप बारीक होतो. दर दोन-तीन बॉबिनांनी प्लेट काढून ब्रशने साफ करा. फुंकर किंवा हवेचा डबा नको, कचरा आत सर्किटकडे जातो. बॉबिन संपल्याचा खोटा इशारा आणि दोरा अर्धवट कापणारा कटर, दोन्हींचं कारण बहुधा हेच तूस.

---

नऊवारी_नाशिक

साड्यांची गोधडी जास्त करणार असाल तर माझं मत जुकीकडे. फक्त सरळ टीप, मिनिटाला १५०० टाके, गुडघ्याने पाय १२ मिमी वर उचलता येतो. सहा थर, त्यात जोडाची शिवण आली तरी कुरकुर नाही. बिघडायला त्यात फारसं काही नाहीच. पण झिगझॅग नाही, बटनहोल नाही, कडा मुरडायची नक्षी नाही, हे पक्कं माहीत असूद्या. या मशीनच्या नाराज मालकांपैकी बरेच याच गोष्टीवर रडतात. जुनं मशीन विकू नका म्हणजे झालं.

बर्निनाचा स्टिच रेग्युलेटर म्हणजे दाते खाली करून हाताने फिरवत शिवताना टाका सारखा ठेवणारं साधन. पायावरचा सेन्सर कापडाची हालचाल वाचतो. ७७० क्यूई घेणारे मुख्यतः त्यासाठीच घेतात. हात जास्त पळवला तर ते बीप करतं. रजईच्या कडेला सेन्सरखालून कापड सरकलं की टाके गडबडतात, म्हणून बॅटिंग आणि अस्तर चारही बाजूंनी ३-४ इंच जादा ठेवा. दोन मोड आहेत: एकात कापड थांबलं तरी सुई सावकाश चालत राहते, दुसऱ्यात थांबते. टोकदार कोपऱ्यांना पहिला बरा.

तीन लाख घालूनही साडीचे थर सरकायचे ते सरकतातच. दाते खालचा थर ओढतात, पाय वरच्याला अडवतो. जुकीला वॉकिंग फूट (वरचा थरही पुढे ओढणारा पाय) लावा. जानोमेचं अॅक्युफीड आणि बर्निनाचं ड्युअल फीड हेच काम वरून करतात. पायाचा दाब एक-दोन घरं कमी करा. टाका ३ ते ३.५ मिमी, सुई ९०/१४, थर जाड असतील तर १००/१६. टाचण्या किंवा कच्चे टाके चार-चार बोटांवर. पहिली टीप मधोमध, मग दोन्ही बाजूंना, आणि सगळ्या टिपा एकाच दिशेने. एक खालून वर, पुढची वरून खाली असं केलंत तर कापडाला तिरक्या लाटा येतात. जरीचे काठ आधीच कापून काढा, सुई आणि कटर दोन्हींची धार घालवतात.

---

वायरमन_वसई

अमेरिकेच्या मशीनबद्दल. मशीनच्या मागची व्होल्टेजची पट्टी वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागेल. १२० असेल तर आपल्या २३० ला थेट लावलंत की बोर्ड गेलाच. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा, तांब्याच्या वायंडिंगचा, पट्टीवरच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा. मशीन १००–१५० वॅटचं धरलं तर ५०० व्हीए निवांत पुरतो. हेअर ड्रायरसाठी मिळतात ते हलके कन्व्हर्टर नकोत, त्यांच्यातून येणाऱ्या विजेची लाट (वेव्ह) कापलेली असते आणि इलेक्ट्रॉनिक मशीनला ती सोसत नाही. घरचा इन्व्हर्टरही प्युअर साइन वेव्हच हवा. अर्थिंग तपासा.

वॉरंटी सहसा विकत घेतलेल्या देशापुरतीच, आणि विमानात आदळआपट झाली तर शटलचं टायमिंग हलू शकतं. कस्टम्स वेगळं. इथे सर्व्हिस असलेलं मॉडेल असेल तर इथूनच घ्या.

---

मृण्मयी_पुणे

सगळ्यांचे आभार. आता मन जुकी आणि ६७००पी यांत अडकलंय. दुकानात डेमोला गेल्यावर काय बघू? ते त्यांचं कडक कापड घेऊन सुंदर टीप मारून दाखवतात.

---

टीपकागद

त्यांच्या कापडावर काहीही छान दिसतं. आपलं सामान न्या: सहा थरांचा साडीचा १८ इंची चौकोन, बॅटिंग घातलेला तेवढाच एक, दीड इंची सहा पट्ट्या, तुमचा नेहमीचा दोरा. वर आणि खाली वेगळ्या रंगाचा दोरा घाला, म्हणजे टेन्शन लपत नाही. उलट बाजूला वरच्या दोऱ्याचे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन ढिलं. वळणांवर पापण्यांसारखे फाटे आले तर हात सुईपेक्षा पुढे धावतोय, त्यात मशीनचा दोष नाही.

चार पट्ट्यांचे कोपरे जिथे एकत्र येतात तो गाठीसारखा भाग सावकाश पार करून बघा. अगदी हळू पेडलवर सुई आत शिरायला कचरते का, हे तिथेच कळतं. कटर दहा वेळा दाबा, प्रत्येक वेळी दोरा हातात न धरता पुढचे टाके सुरू करा. दोन-तीन वेळा गाठोडं झालं तर विक्रेत्यालाच विचारा. बॉबिन स्वतः बदला, प्लेट स्वतः काढून बसवा. हे घरी शेकडो वेळा करायचंय.

मग सर्व्हिस. कारागीर दुकानातच आहे की मशीन दुसऱ्या शहरात पाठवतात? पाठवतात तर किती दिवस, वाहतूक कुणाच्या खिशातून, मुख्य बोर्ड वॉरंटीत येतो का? हे बिलावर लिहून घ्या. वॉकिंग फूट आणि एका भोकाची प्लेट खोक्यात आहेत की वेगळे पैसे, तेही. एकाच किमतीच्या दोन कोटेशनमध्ये इथेच पंधरा-वीस हजारांचा फरक निघू शकतो.

---

तेलाची_कुपी

दोऱ्याचं राहिलं. ओव्हरलॉकचा स्वस्त केसाळ कोन या मशिनांना घालू नका. पॅचवर्कला ५० नंबरचा सुती दोरा, ८०/१२ सुई, टाका २ ते २.२ मिमी. रिळावर दोरा एकमेकांना छेदत गुंडाळलेला असेल तर आडव्या दांडीवर, टोपी रिळाच्या तोंडापेक्षा किंचित मोठी. सरळ थरांत गुंडाळलेला असेल तर उभ्या दांडीवर. उलट लावलात की दोऱ्याला पीळ पडत जातो आणि सुईपाशी तुटतो. सुई आठेक तास शिवून झाली की बदला, मोडायची वाट बघू नका.