मदत हवी आहे: पार्कर घराण्याच्या वंशावळीत अडकलोय

टेक्सासच्या पार्कर कुटुंबाची वंशावळ मांडतोय. १९ मे १८३६ ला त्यांच्या गढीवर कोमांची (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) आणि इतरांनी हल्ला केला, पाच जणांना पळवून नेलं. त्यात लहानगी सिंथिया अ‍ॅन, तिचा भाऊ जॉन आणि चुलतबहीण रेचल प्लमर. सिंथिया पुढे कोमांचींचीच झाली. पेटा नोकोना या त्यांच्या सरदाराशी लग्न, तीन मुलं. १८६० मध्ये टेक्सास रेंजर्सनी (तिथलं सशस्त्र दल) तिला ‘सोडवलं’ (ती मात्र परत पळून जायला बघायची!).

माझं गाडं अडलंय ते तिच्या थोरल्या मुलापाशी, क्वानापाशी. तो आईचं आडनाव लावायचा. मग त्याला पार्कर शाखेत दाखवू की पेटा नोकोनाखाली? त्यात त्याला बायका अनेक. ओक्लाहोमातल्या कोमांचींच्या जुन्या जनगणना याद्या कुणी चाळल्यात का? नावं कशी जुळवलीत?