कॉलेज फुटबॉलवाल्यांची ही रिकव्हरी सेंटरं खरंच कामाची असतात की नुसता देखावा?

निनाद_एमएस

नमस्कार मंडळी. माझं बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री नाशिकची, आता इकडे अमेरिकेत एक्सरसाइज सायन्समध्ये मास्टर्स चालू आहे. मागच्या आठवड्यात डिपार्टमेंटने आम्हाला युनिव्हर्सिटीची फुटबॉल (म्हणजे इथलं अमेरिकन फुटबॉल) फॅसिलिटी दाखवायला नेलं आणि मी बघतच राहिलो. गार पाण्याचे टब, गरम पाण्याचे टब, एका टबात तर खाली ट्रेडमिल, पायात घालून हवेने दाबणारे ते लांब बूट, झोपायला पॉड, अतिथंड हवेचं क्रायो चेंबर, आणि भिंतीवर मोठ्ठा स्क्रीन ज्यावर प्रत्येक पोराच्या नावापुढे तो ताजा की थकलेला हे सांगणारा हिरवा पिवळा नाहीतर लाल ठिपका. आमच्या लॅबमध्ये उडीचा जोर मोजणारी फोर्स प्लेट एकच आहे आणि तिच्यासाठी नंबर लावावा लागतो 😅

तर प्रश्न असा की यातलं खरं विज्ञान किती आणि पोरांना भुलवायचा मालमसाला किती? आणि दुसरं म्हणजे आपल्यासारख्या फिजिओ बॅकग्राउंडवाल्याला यात नोकरी मिळते का? इथे कोणी या लाइनमध्ये असेल तर प्लीज सांगा, गुगलवर सगळ्या कंपन्यांच्या जाहिरातीच येतात.

लिंकनचे_नाना

निनादराव, मी या लाइनमधला नाही, रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर आहे पण नेब्रास्कात इतकी वर्षं काढली की फुटबॉल अंगात भिनलाय, म्हणून जुनं थोडं सांगतो. कॉलेजने पगार देऊन स्ट्रेंग्थ कोच (वजनं उचलून ताकद वाढवून घेणारा) ठेवायची पद्धत आमच्या लिंकनची. १९६९ साली बॉइड एप्ली नावाचा एक पोलव्हॉल्ट करणारा पोरगा पाठ दुखावली म्हणून एकटाच वजनं उचलत बसायचा, त्याचं बघून जखमी फुटबॉलवाले पण तिथे जायला लागले आणि परत आले की ताकद वाढलेली. टॉम ऑस्बोर्न तेव्हा असिस्टंट कोच होते, त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्याला कामावर ठेवलं, तासाला दोन डॉलर! हेड कोच डेव्हेनी म्हणाले की एक जरी प्लेअर हळू पळायला लागला तर तुझी नोकरी गेली. १९७० आणि ७१ ला नेब्रास्का नॅशनल चॅम्पियन. पुढे १९७८ मध्ये याच माणसाने स्ट्रेंग्थ कोचेसची राष्ट्रीय संघटना काढली.

त्याच्या आधीचा काळ आठवा. १९५४ मध्ये बेअर ब्रायंट या कोचने टेक्सस ए अँड एमची टीम जंक्शन नावाच्या गावी नेऊन भर उन्हात, दुष्काळात दहा दिवस रगडली, पाणीसुद्धा देईनात. पाणी मागितलं की तू कच्चा. निम्म्याच्या वर पोरं पळून गेली. मग १९६५ ला फ्लोरिडात एका कोचने डॉ. रॉबर्ट केड यांच्या लोकांना विचारलं की आमच्या पोरांचं वजन एवढं उतरतं पण त्यांना मॅचमध्ये लघवीला का लागत नाही, त्यातून गेटोरेड निघालं, आणि युनिव्हर्सिटीला त्याची रॉयल्टी आजही मिळते. मीठ साखर लिंबू पाणी हो शेवटी, आपल्या आज्या काय वेगळं देत होत्या. पण मोजून दिलं आणि विकलं ना त्यांनी!

मुग्धा_एटी

मी सर्टिफाइड ॲथलेटिक ट्रेनर आहे, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि तब्येत बघणारी, कॉलेज फुटबॉलमध्येच काम करते, कुठे ते विचारू नका. निनाद, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, चहा घेऊन बस.

जीपीएस खरंच कामाचं आहे. खांद्यांच्या मधोमध बनियनसारख्या व्हेस्टमध्ये छोटा डबा असतो, प्लेअर किती पळाला, किती वेळा जोरात ब्रेक मारला, फुल स्पीडने किती गेला हे सगळं त्यात येतं. जिम्बो फिशरची फ्लोरिडा स्टेट यात सुरुवातीच्या कॉलेजांपैकी होती आणि २०१३ च्या सीझनला ते चॅम्पियन झाले, मग काय सगळेच हे डबे बनवणाऱ्या कॅटापल्ट कंपनीच्या मागे. फायदा कुठे होतो तर समजा रिसीव्हर (पळत जाऊन पास झेलणारा) मंगळवारी नेहमीपेक्षा खूप जास्त स्प्रिंट मारून बसला तर बुधवारी त्याचे रिप्स कमी करायचे, नाहीतर हॅमस्ट्रिंग जाते. फोर्स प्लेटवरच्या उडीचं पण तसंच, रोजच्या आकड्यापेक्षा खाली आला की आपण जाऊन विचारायचं, काय रे झोपला नाहीस का, पेपर आहे का. बरेचदा पेपरच असतो.

आणि झोप. चेरी माह यांनी स्टॅनफर्डला बास्केटबॉलच्या ११ पोरांना रात्री १० तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं, २०११ ला पेपर आला, फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी सुधारली. छोटा स्टडी आहे, कंट्रोल ग्रुप नाही, मान्य. पण फुकटात एवढं दुसरं काय मिळतं? आता तर झोपेचा प्रश्न अजून बिकट झालाय कारण २०२४ पासून लॉस एंजेलिसच्या दोन्ही टीम बिग टेन नावाच्या लीगमध्ये आल्या, न्यू जर्सीला दुपारी १२ ची मॅच असली की त्यांच्या शरीराला सकाळचे ९ च वाजलेले असतात. वर १२ टीमचा प्लेऑफ, ओहायो स्टेट आणि नोट्र डेम त्या सीझनला १६-१६ मॅचेस खेळले आणि सोमवारी परत क्लास आहेतच.

क्रायो चेंबरबद्दल मात्र मला काही कौतुक नाही. एफडीएने (इथली औषधं आणि उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०१६ मध्येच सांगितलंय की त्याच्या फायद्यांचे जे दावे होतात त्यांना पुरेसा पुरावा नाही. बर्फाच्या टबाचं पण बघ, मॅचनंतर दुखणं कमी वाटतं ते ठीक, पण २०१५ च्या क्वीन्सलंडच्या अभ्यासात वजनं उचलल्यावर दर वेळी गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. म्हणजे ऑफ सीझनमध्ये पोराला मोठं करायचंय आणि रोज टबात बसवताय, कशाला? असं विचारलं की कोच लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

डेटावाला_कोथरूड

मुग्धाताई, सगळं मान्य पण मूळ प्रश्न राहिला ना, देखावा किती? 😀 क्लेमसन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये ५५ मिलियन डॉलरचं कॉम्प्लेक्स बांधलं त्यात घसरगुंडी आणि मिनी गोल्फ आहे. घसरगुंडी कोणत्या सायन्समध्ये बसते? एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २०१९ ला २८ मिलियन घालून लॉकरला झोपायचे पॉड बसवले आणि तिथले विद्यार्थी ओरडत होते की आमची लायब्ररी गळते. पैसा देणगीदारांचा होता हे खरं, पण देणगीदाराला लायब्ररीत नाव लावायचं नसतं हेच तर दुखणं. आणि मजा बघा, ओरेगनने २०१६ मध्ये त्यांचा जुना स्टार प्लेअर मारियोटाच्या नावाचं चकाचक परफॉर्मन्स सेंटर उघडलं आणि जानेवारी २०१७ ला त्याच टीमची तीन पोरं वर्कआउटनंतर हॉस्पिटलात, एकाला ऱ्हाब्डोमायोलिसिसचं (अति व्यायामाने स्नायू तुटून किडनीला धोका) निदान, स्ट्रेंग्थ कोच महिनाभर सस्पेंड. सेन्सर काय झोपले होते का?

प्लेअरला पगार देता येत नव्हता तेव्हा हे सगळं फोफावलं, एवढं साधं गणित आहे. पैसे हातात देता येत नाहीत मग भिंतीत घाला आणि रिक्रूटला (कॉलेजात यायला पटवायच्या नव्या खेळाडूला) फिरवून दाखवा. आता २०२५ च्या हाउस सेटलमेंट या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेज थेट खेळाडूंना पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी २०.५ मिलियनपर्यंत, तर बघू किती घसरगुंड्या बांधतात.

अजून एक, तो लाल पिवळा हिरवा डेटा कोणाचा? १९ वर्षांच्या पोराची झोप, हार्टरेट सगळं कोचच्या आयपॅडवर. रात्री दोनला जागा होता म्हणून शनिवारी बेंचवर बसवलं तर तो कोणाकडे दाद मागणार?

मुग्धा_एटी

डेटाचं तू अगदी बरोबर बोललास. काही ठिकाणी झोपेचे आकडे फक्त मेडिकल स्टाफ बघतो, कोचला नुसतं आज कमी करा एवढंच कळवतात. हे सगळीकडे व्हायला हवं आणि होत नाही.

ओरेगनचं मात्र सेन्सरवर ढकलू नकोस. सुट्टीवरून आलेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात मरेस्तोवर पुशअप काढायला लावू नये हे कळायला मशीन लागत नाही. आयोवात जानेवारी २०११ मध्ये असंच झालं होतं, शंभर स्क्वॉट्सचा वर्कआउट आणि १३ जण ॲडमिट. तेही सुट्टीनंतरच. धडा समोर असून सहा वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी तेच.

आणि मेरीलँडचा जॉर्डन मॅकनेर. १९ वर्षांचा पोरगा, २९ मे २०१८ ला ११० यार्डच्या स्प्रिंट मारताना कोसळला, उष्माघात, १३ जूनला गेला. चौकशीत निघालं की ना त्याचं तापमान नीट मोजलं, ना त्याला गार पाण्यात बुडवलं, आणि इमर्जन्सीच्या ९११ नंबरला फोन जायला तासाभराच्या वर गेला. बिग टेनमधली टीम, पैशाला तोटा नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून घोकून घेतात, आधी गार करा मग ॲम्ब्युलन्समध्ये घाला. फॅल्मथच्या रोड रेसमध्ये १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ केसेसना गार पाण्यात घातलं आणि एकही दगावला नाही. त्याला लागतं काय, तर गुरांना पाणी पाजायची प्लॅस्टिकची टाकी, बर्फ, पाणी आणि रेक्टल थर्मामीटर. कुठल्याही फार्मच्या दुकानात काही शे डॉलरमध्ये मिळते ती टाकी. रिक्रूटला मात्र कोणी ती दाखवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की मोठ्या लीगांच्या नियमात मेडिकल स्टाफचा शब्द अंतिम आहे, कोचला तो फिरवता येत नाही, पण कागदावर. प्रॅक्टिस चालू असताना ८ मिलियन पगाराच्या कोचला तोंडावर "हा बाहेर, बास" म्हणायला ४५ हजारवाल्या ट्रेनरची छाती हवी आणि उद्या तिची नोकरी राहायला हवी. पैसे त्यात घाला, म्हणजे जास्त ट्रेनर ठेवा आणि त्यांचा बॉस कोच नसू दे. मग पॉड घ्या हवे तेवढे.

निनाद_एमएस

बापरे एवढं सगळं! खूप थँक्स ताई, नाना आणि डेटावाले. आमच्या टूरमध्ये टाकी दिसली का आठवतोय 🙈 ताई नोकरीचं सांगा ना थोडं.

मुग्धा_एटी

ॲथलेटिक ट्रेनर व्हायचं असेल तर तुझं आत्ताचं मास्टर्स चालणार नाही, त्याला मान्यताप्राप्त ॲथलेटिक ट्रेनिंगचाच प्रोग्रॅम करून बोर्डाची परीक्षा द्यावी लागते. फिजिओचं लायसन्स अजून वेगळं, तिकडची डिग्री तपासून घेऊन इथली परीक्षा. स्पोर्ट्स सायंटिस्टला (जीपीएस, फोर्स प्लेटचे हे आकडे बघणारा) लायसन्स लागत नाही, म्हणून तुला तोच रस्ता सोपा. नाना म्हणाले त्याच संघटनेचं सीएससीएस हे स्ट्रेंग्थ कोचचं सर्टिफिकेट काढ आणि आर किंवा पायथन प्रोग्रॅमिंग शीक, कारण अर्धा वेळ एक्सेल साफ करण्यातच जातो. आत्ताच जाऊन स्ट्रेंग्थ स्टाफला विचार, सकाळी साडेपाचला व्हेस्ट वाटायला आणि चार्जिंगला लावायला फुकट माणूस सगळ्यांना हवा असतो, मीही तिथूनच आत शिरले. व्हिसाचं आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार पण, फुकट कामालाही नियम असतात.

लिंकनचे_नाना

साडेपाच म्हणजे आमच्याकडे जानेवारीत उणे वीस, कानटोपी घ्या. आणि निनादराव, मॅच बघायला लिंकनला यायचं असलं तर महिनाभर आधी कळवा, १९६२ पासून स्टेडियम दर मॅचला फुल्ल आहे, तिकिटाचं बघतो मी पण हॉटेल मिळत नाही त्यामुळे आमच्याकडेच उतरा.