क्विंटिन्सहिल १९१५: शिक्षा दोन सिग्नलमननाच का? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

लाकडी डबा
२२ मे १९१५ च्या सकाळी पावणेसातच्या सुमारास स्कॉटलंडमध्ये ग्रेटनाजवळ क्विंटिन्सहिलला लष्करी गाडी उभ्या लोकलवर आदळली. रॉयल स्कॉट्सच्या सातव्या बटालियनची पोरं, बरीचशी लीथ बंदरातली, गॅलिपोलीला, पहिल्या महायुद्धातल्या तुर्कस्तानच्या आघाडीवर, जायला निघाली होती. मिनिटभरात समोरून ग्लासगोला जाणारी एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. टिन्सली आणि मीकिन हे दोन सिग्नलमन तुरुंगात गेले आणि विषय संपला. मला हा न्याय अर्धा वाटतो. डबे जुने, लाकडी, गॅसच्या दिव्यांचे. गॅसच्या टाक्या डब्यांच्या खालीच. इंजिनातले निखारे सांडले आणि आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिली. विजेचे दिवे तेव्हा आलेले होते. असले डबे जवानांना देणाऱ्यांना कुणी जाब विचारला?

होम सिग्नल
मी स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. टिन्सली ज्या लोकलने ड्युटीवर आला, तीच लोकल सिग्नल केबिनसमोर अप मेन लाईनवर उभी होती, आणि त्याच लाईनवर त्याने लष्करी गाडी घेतली! ड्युटी सहाची, हा यायचा अर्ध्या तासाने. सहानंतरच्या गाड्या रात्रपाळीचा मीकिन चिठ्ठीवर लिहून ठेवायचा, म्हणजे रजिस्टरात अक्षर टिन्सलीचं दिसावं. त्या सकाळीही टिन्सली ती चिठ्ठी रजिस्टरात उतरवत बसला. लाईन अडलेली असताना सिग्नलच्या लिव्हरवर कॉलर अडकवायला दोन सेकंद लागतात. डोकं विसरलं तरी ते लोखंडी कडं हात अडवतं, त्याचसाठी असतं ते. डबे कसलेही असोत, लाईन क्लिअर, म्हणजे गाडीला यायची परवानगी, देणारा सुटत नाही.

रात्रपाळी
पण साहेब, दोन्ही लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाईनींवर, मालगाड्या होत्या, म्हणून तर लोकल मेन लाईनवर घ्यावी लागली. शिवाय लोकलच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन हचिन्सन नियमाप्रमाणे केबिनमध्ये आला, रजिस्टरात सही केली, आणि कॉलर न बघता परतला. खटला त्याच्यावरही झाला, तो सुटला. एवढ्या हातांतून चूक निसटते तेव्हा ती तिथली रोजची सवय असते. अर्ध्या तासाची ही सवलत वरच्यांना कधीच कळली नसेल, हे मला पटत नाही.

लाकडी डबा
होम सिग्नल, कॉलरचं मान्य. पण बघा, २१३ यार्डांची गाडी ६७ यार्डांत चेपली. त्यात अडकलेली जिवंत माणसं आगीने गाठली. बटालियनची हजेरीयादीही जळाली, त्यामुळे मेले किती याचा नक्की आकडा आजही नाही. ओळख न पटलेल्यांना रोझबँक दफनभूमीत एकत्र पुरलं. टिन्सलीला ३ वर्षं, मीकिनला १८ महिने. डिसेंबर १९१६ मध्ये दोघेही सुटले आणि रेल्वेत दुसऱ्या कामावर लागले. डब्यांबद्दल मात्र कुणालाही एका दिवसाची शिक्षा नाही.

होम सिग्नल
डब्यांचं तुमचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण मीकिनचे १८ महिने मला कमीच वाटतात. लोकल तिथे उभी त्याने केली. कॉलर अडकवायचं आणि मागच्या केबिनला लाईन अडल्याचं कळवायचं काम आधी त्याचं होतं. दोन्ही न करता चार्ज देऊन तो केबिनमध्येच पेपर वाचत बसला.